तानाबाईच्या अंगात कोणी येत नाही

"माय, डोळे उघड माय! लेकरू पदरात टाकलं तुह्या!"

तानाबाईनं डोळे उघडले, कारण कोणीतरी तिचा डावा पाय घट्ट धरला होता. माणूस एका पायावर उभा असताना त्याचा तोच पाय धरला तर काय होतं हे काही सांगायला नको. उजवा पाय हवेत आणि दोन्ही हात बगळ्याच्या पंखांसारखे पसरलेले, अशी ती कलंडली, बाभळीच्या खोडावर आपटली आणि खोडालाच मिठी मारून कशीबशी उभी राहिली. खाली धुळीत सरपंचाची बायको सत्यभामाबाई पालथी पडली होती. शेजारी पितळी ताटात हळद, कुंकू, खण. दीड-दोन वर्षांची नात धुळीत बसून ताटातलं लिंबू चाटत होती.

"बाई! हे काय करून राह्यल्या? उठा अगोदर!"

"बोलली! माय बोलली!" सत्यभामाबाईनं मान वळवून मागं सांगितलं. मागं आणखी बाया होत्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले.

"माय नाई वं, मी ताना! तुमच्या वावरात कापूस येचते ते ताना!"

"कोपली," मागून कोणीतरी कुजबुजलं. "आवाज पाह्य कसा घोगरा निघून राह्यला."

"सर्दी झाली मले!"

पण सर्दीचं कोण ऐकतं? बायांनी एकमेकींकडं पाहून माना डोलावल्या आणि एकजात सगळ्या धुळीत वाकल्या. तानाबाई जितकी चिडे तितकी त्यांची खात्री पटे. तिनं कपाळावर हात मारला, तर देवी कपाळ बडवते म्हणाल्या. ती पाय आपटत घरात गेली आणि दाराला कडी घातली, तर बाहेरून आवाज आला, "देवघरात गेली माय."

आत देवघर नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यावर पुंजाजीनं, तिच्या नवऱ्यानं, घरातले होते-नव्हते ते सगळे टाक आणि मूर्ती एका फडक्यात बांधून पैनगंगेत सोडले होते. तेव्हापासून त्या कोनाड्यात चहा-साखरेचे डबे होते. तानाबाईनं साखरेचा डबा उचलून दाणकन जागेवर आपटला. संतापानं.

संताप कशाचा, तर आठवडाही झाला नव्हता, ह्याच सत्यभामाबाईनं तिला वावरात पाणी पाजलं होतं. कसं पाजलं होतं? "ताने, बस खाली, ओंजळ धर," असं म्हणून कमरेइतक्या उंचीवरून, गडव्याचा काठ तिच्या बोटांना लागू नये म्हणून हात लांब करून. आणि आज तीच बाई तिची टाच दोन्ही हातांनी धरून कपाळ घासत होती. तानाला शिवायचं नाही आणि देवीला सोडायचं नाही. अंग मात्र तेच. तोच पाय, त्याच भेगा.

तानाबाई मूळची अमडापूरची. लग्न होऊन डोणगावपासून कोसभर आत असलेल्या ह्या गावी आली आणि जेमतेम ओळख होते न होते तोच नवरा पलटणीत भरती झाला. पुंजाजीच्या हातात बंदूक कधी आली नाही. तो पलटणीच्या दवाखान्यात डोली उचलायचा. जखमी माणूस डोलीत घालायचा आणि गोळ्यांमधून पळत आणायचा. सिंगापूर पडलं तेव्हा डोलीसकट जपान्यांच्या हाती सापडला. गावात तो मेला असंच सगळे धरून चालले होते. तानाबाईच्या हातातल्या बांगड्या फोडायला बाया आल्या तेव्हा ती खुरपं घेऊन दारात उभी राहिली होती. "माणूस मेल्याचा कागद आना, मंग बांगड्याले हात लावा." कागद आला नाही. लढाई संपल्यावर पुंजाजी आला.

आला तो काठीसारखा वाळून. पण त्याच्या चालण्यात काहीतरी निराळं होतं. तो पाय असा टाकायचा की जमिनीला विचारून टाकतो आहे असं वाटावं. आणि रोज सकाळी तो घरामागच्या बाभळीखाली जाऊन ते सुरू करायचा. हात वर, हात खाली, एक पाय पुढं, कंबर वळव, दुसरा पाय. इतकं हळू, की बाभळीवरचा सरडासुद्धा त्याच्यापेक्षा घाईत वाटायचा.

"हे काय नाटक हो?" तानाबाईनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"कसरत हाये."

"कसरतीत घाम येते. तुमाले तं झोप येऊन राह्यली दिसते."

"ये न मंग, करून पाह्य," पुंजाजी हसून म्हणाला होता. तिला कुठली फुरसत? तिनं बरीच वर्षं त्याच्याकडं पाहून नुसती मान हलवली.

मग एका सुगीला ती कापसाच्या गाडीवरून पडली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर गुडघे धरले, आणि गुडघ्यांपेक्षा वाईट म्हणजे भोवळ यायला लागली. विहिरीच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की पाणी वर येतंय असं वाटायचं. निंदायला बसली की उठता यायचं नाही. रात्री डोळा लागायचा नाही. छातीत आपलं धडधड, धडधड. पडायची भीती अशी बसली की ती भिंत धरून चालायला लागली. ज्या बाईनं खुरपं घेऊन अख्खी आळी अडवली होती, ती स्वतःच्या घरात भिंत धरून चालायला लागली.

पुंजाजीनं एके सकाळी तिचा हात भिंतीवरून सोडवला.

"चाल बाहीर."

"मी पडीन."

"पडशीन तं मी हावो. डोली उचलायचा धंदा होता माहा."

बाभळीखाली नेऊन त्यानं तिला उभं केलं. "आता हळू चाल."

"हळूच तं चालते मी, म्हातारी झाली."

"म्हातारी हळू चालते ते नाइलाजानं. तू मर्जीनं चाल. पाय टाकला न, लगेच वजन नको टाकू त्याच्यावर. पह्यले टाच. मंग पंजा. मंग पाह्य जमीन घट्ट हाये का. मंग ये पुरी."

"इतका इचार करून तं बैलबी नाई चालत."

"म्हनून तं बैल घसरते."

ही कसरत त्याला शिकवली होती कैदेतल्या दवाखान्यात. तिथं लिम नावाचा एक चिनी म्हातारा भात शिजवायचा आणि पाणी भरायचा. पुंजाजीचे पाय सुजून मुसळासारखे झाले होते, बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहायचा. बरोबरचे किती तरी त्या सुजेनं गेले. लिमबाबा सकाळी भाताचं भांडं घासून झालं की दवाखान्यामागं उभा राहून हे करायचा. त्याचे मुलगे जपान्यांनी समुद्रावर नेऊन मारले होते, असं बाकीचे कैदी सांगायचे. त्याला पुंजाजीची भाषा येत नव्हती, पुंजाजीला त्याची. त्यानं पुंजाजीच्या पोटाला हात लावून दाखवलं, श्वास इथून. खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं, हे सोड. एवढीच काय ती शिकवणी. प्रत्येक हालचालीला त्यांच्यात नाव असणार, पण ते पुंजाजीला कळलं नाही. त्यानं आपली नावं दिली. ढग सारणं. मोराचं शेपूट. बगळा. कोंबडा, म्हणजे एका पायावर उभं राहायचं.

तानाबाईला आधी कोंबडा जमेना. मग जमला. त्या पावसाळ्यात ती भिंत विसरली. उठता-बसता गुडघ्यांतली ती करकर बंद झाली असं नाही, पण कुरकुर कमी झाली. भोवळ गेली. वावरात दिवसभर वाकून कापूस वेचला तरी संध्याकाळी पाठ जागच्या जागी असायची. सगळ्यात मोठं म्हणजे झोप आली. पोटातून श्वास घ्यायचा, हळू सोडायचा, सोडताना खांदे सोडायचे. एवढं केलं की छातीतलं ते धडधडणारं जनावर बसायचं. पुंजाजी दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. त्या दुःखात बाई वेडी होईल असं शेजारणींना वाटलं होतं. ती रोज सकाळी बाभळीखाली गेली आणि दोन माणसांची जागा धरून एकटीनं ढग सारत राहिली. ह्या उभं राहण्यावरच तिचं आता सगळं होतं. पायांत जोर असेल तर वेचणी, वेचणी असेल तर चूल. आणि डोकं ठिकाणावर राहायचं ते वेगळंच.

आता ह्यात देवी कुठून आली?

देवी आली हगवणीतून. बासष्टच्या त्या हिवाळ्यात गावात उलट्या-जुलाबाची साथ आली. सत्यभामाबाईच्या नातीला लागण झाली. पोर मलूल पडली. मेहकरच्या डॉक्टरनं बाटलीतून सलाईन चढवलं, पोर शुद्धीवर आली, तिला घेऊन सत्यभामाबाई पहाटेच्या मोटारीनं परत आली. फाट्यावर उतरून चालत येताना बाभळीखाली तिला दिसलं काय, तर धुक्यात एक बाई, डोळे अर्धे मिटलेले, हात आभाळाकडं चाललेत, घुमत नाही, ओरडत नाही, पण अंग मात्र आपोआप हलतंय. आणि त्याच क्षणी नातीनं भूक लागली म्हणून रडायला सुरुवात केली.

बस्स. डॉक्टर राहिला बाजूला.

गावात सगळ्यांना आठवलं की मरीमायच्या देवळीत सहा वर्षं दिवा नाही. पूर्वी साथ आली की मरीमायचा गाडा निघायचा. लाकडी लहानसा गाडा, त्यात देवी, लिंबं, भात. तो गावाच्या शिवेपलीकडं नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याच्याबरोबर जाते. पण गाड्यापुढं चालायचं कोणी? तर महारवाड्यानं. डफ त्यांनी वाजवायचा, अंगात त्यांच्या यायचं, शिवेबाहेर उभं त्यांनी राहायचं, आणि रोगराई घेऊन गावात परत यायचं नाही म्हणून दिवसभर तिथंच उपाशी बसायचं तेही त्यांनीच. दीक्षा झाल्यावर त्यांनी डफ खाली ठेवला. महारवाड्याचं भीमनगर झालं. गाव धुसफुसत होतं, पण करतं काय? आता मात्र गावाला उत्तर सापडलं. त्यांनी मायला सोडलं, पण मायनं त्यांना कुठं सोडलं! पाहा, आली की नाही तानाबाईच्या अंगात?

सरपंच महादेवराव स्वतः आले. भीमनगरात त्यांचा पाय मतं मागायला एकदा लागला होता, तेवढाच. दाराबाहेर उभं राहून त्यांनी टोपी सारखी केली.

"तानामाय."

"ताने म्हना जी. काल परवापावतर तेच म्हनत होते."

"कालची गोष्ट येगळी. मंगळवारी गाडा काढतो. तुमी पुढं चालायचं. हिरवं लुगडं माह्या घरून येईन."

"सरपंचसाहेब, माह्या अंगात कोनी येत नाई. ते कसरत हाये. गुडघ्याची."

महादेवराव समजूतदारपणे हसले. "माय कधी सोताहून कबूल करते का?"

"आन् मी नाई आली तं?"

"गावात लेकरं आजारी हायेत," ते म्हणाले. आवाज गोडच होता. "उद्या कोनाचं काही बरंवाईट झालं, तं लोक म्हनतीन, मायनं बोलावलं आन् ताना गेली नाई. मी लोकाइचं तोंड थोडंच धरनार हाव?"

ते गेले. तानाबाई तिथंच उंबऱ्यात बसली. गोड बोलून माणसाच्या गळ्यात दावं कसं अडकवतात ते तिनं नुकतंच पाहिलं होतं. आणि अजून ते गळ्यात नीट बसलंही नाही तोच घरच्या बाजूनं दुसरं आलं.

उकंडराव म्हणजे भीमनगरच्या मंडळाचे अध्यक्ष. पुंजाजीचे दोस्त. तोंडात बिडी आणि मनात बावीस प्रतिज्ञा, दोन्ही कधी विझत नसत. ते आत आले ते तावातावानं.

"काऊन वं वहिनी, दीक्षा घेऊन अंगात आनता? लाज नाई वाटत?"

"भाऊजी, तुमीबी?"

"गावभर झालं! आमी सहा वर्स मार खाल्ला, पानी बंद झालं तं दुसऱ्या गावाऊन आनलं, पन गाड्याले हात नाई लावला. आन् तुमी एकट्या हात हलवून सगळं धुऊन टाकून राह्यल्या!"

"मी हात हलवते ते माह्या गुडघ्यासाठी! तुमच्या दोस्तानं शिकवलं. तुमी पाह्यलं नाई त्याले करताना?"

"पाह्यलं. पन ते हाये काय, ते तं सांगा एकदा लोकाइले. म्हना का हे अमुक हाये, इथून आलं."

"चिनी कसरत हाये," तानाबाई म्हणाली.

उकंडरावांच्या हातातली बिडी खाली पडली.

"काय म्हनलं?"

"लिमबाबानं शिकवली. चिनी होता तो."

"चूप! चूप बसा!" त्यांनी उठून दार लोटलं. "वहिनी, दुनियेत काय चालू हाये मालूम हाये का? चिनी लोकाइनं आपले शिपाई मारले. शाळेच्या शालिग्राम गुरुजीनं परवा चिन्याचा पुतळा जाळला चावडीपुढं. सोनं गोळा करून राह्यले लढाईसाठी. आन् तुमी म्हनसान का मी चिनी कसरत करते? आगोदरच आपल्यावर डोळा. उद्या म्हनतीन, भीमनगरात चीनचे हेर हायेत."

"मंग काय करू? देवी म्हनू?"

"नाई!"

"चिनी म्हनू?"

"नाई, नाई!"

"मंग?"

उकंडरावांनी बायकांना पुरुष नेहमी जे सांगतात तेच सांगितलं. "बंद करा तुमी ते."

तिनं बंद केलं. खरंच केलं, आपल्या माणसांसाठी केलं. सकाळ झाली की ती चुलीपुढं बसून राहायची. बाहेर बाया यायच्या, रिकाम्या जागेला हळदकुंकू वाहून जायच्या. दोन-चार दिवसांत डाव्या गुडघ्यात पुन्हा ती करकर. झोप उडाली. छातीतलं जनावर उठून बसलं. वेचणीला गेली तेव्हा कापसाच्या ओळीतून सरळ होताना आभाळ गोल फिरलं, आणि तिनं घट्ट पकडलं ते शेजारच्या ओळीतलं झाड, ते उपटून हातात आलं. सत्यभामाबाई धुऱ्याच्या बांधावरून ओरडली, "घुमून राह्यली! घुमून राह्यली!"

बोंडांनी भरलेलं झाड हातात धरून तानाबाई ओळीत उभी होती. कसरत केली तर देवी. नाही केली तर भोवळ, आणि भोवळ आली तर तीही देवी! म्हणजे ह्या गावात तानाबाईचं शरीर हे तानाबाईचं नव्हतंच. सरपंचाला ते गाड्यापुढं पाहिजे, मंडळाला घरात पाहिजे. तिला ते कसं पाहिजे हे कोणी विचारलंच नव्हतं. गुडघे तिचे, भोवळ तिची, सुजल्या पायांनी कसरत शिकलेला नवरा तिचा. मरता मरता वाचलेल्या त्या माणसानं आणलेली एकुलती एक वस्तू. शिपाई लोक घड्याळं आणतात, ट्रंका आणतात. त्यानं हे आणलं होतं.

मंगळवारी गाडा आला. पुढं डफ, पण वाजवणारा दुसऱ्या गावाहून आणलेला, त्याला ह्या गावचा ताल येत नव्हता. गाड्याला लिंबांच्या माळा. मागं सगळं गाव, सत्यभामाबाईच्या हातात हिरवं लुगडं, आणि देशभक्तीची टोपी घालून शालिग्राम गुरुजीसुद्धा, कारण साथ त्यांच्याही घरात शिरली होती. भीमनगरची माणसं आपापल्या दारात उभी होती. उकंडराव सगळ्यांच्या पुढं, रस्ता अडवल्यासारखे, पण अडवावं की नाही ते न ठरलेले.

तानाबाई बाहेर आली. लुगडं पांढरं, घरचं.

"माय आली! बोला, मरीमायचं..."

"थांबा!" तिचा आवाज त्या डफावरून गेला. "कोनाचं काही बोलू नका. पह्यले माहं ऐका. मी जे करते ते कसरत हाये. मले माह्या मालकानं शिकवली. त्याले सिंगापूरले कैदेत एका मान्सानं शिकवली, त्याचे पाय सुजून तो मरून राह्यला होता तवा. तो मानूस चिनी होता."

डफ थांबला. कोणीतरी खाकरलं. मग शालिग्राम गुरुजी पुढं आले.

"काय म्हणालात? चिनी? अहो, सीमेवर आपले जवान बर्फात धारातीर्थी पडत आहेत आणि तुम्ही..."

"गुर्जी, माहा मालक जवान होता न! त्याच्या वक्ती कोनी टोपी घालून नाई आलं आमच्या दारात. तो गेला तवा तुमी कुठी होते? हा पुतळा जाळनारा, त्याच्या मयतीले आला होता का?"

"विषय तो नाही!"

"विषय तोच हाये! लिमबाबाचे लेक लढाईतच मेले. त्यानं काय आपल्या शिपायाले मारलं? त्यानं आपला शिपाई वाचवला!"

"शत्रूची विद्या ती शत्रूचीच," गुरुजी म्हणाले, आणि मागून दोघा-तिघांनी "बरोबर, बरोबर" केलं.

महादेवरावांनी हात वर केला. त्यांना मंगळवार वाया जायला नको होता. "हे पाहा, चिनीबिनी राहू द्या. मायले कोनतंबी रूप घेता येते. तानामाय, लुगडं घ्या, चला पुढं."

आणि तेव्हा तानाबाईचं जे काही आत इतके दिवस दाबलेलं होतं ते वर आलं.

"सरपंच, मले एक सांगा. मी मरीमाय असली तं तुमची बाई माह्या पाया पडते. आन् ताना असली तं मले वरून पानी वाढते. तुमाले मायबी माहीत नाई आन् तानाबी माहीत नाई. तुमाले फक्त गाड्यापुढं चालाले कोनीतरी पायजे, ज्याच्या अंगाले रोग चिकटला तं चालते! रोग मायनं नाई आनला. तुमच्या विहिरीत वरच्या अंगाची घान झिरपते, ते उपसा. डॉक्टर तुमच्या नातीले सलाईन लावून राह्यला होता, तवा मी घरी झोपली होती. त्याच्या पाया पडा!"

सत्यभामाबाईनं लुगडं छातीशी धरलं. ती कोणाकडंच पाहत नव्हती.

"नाई येत मी," तानाबाई म्हणाली. "अंगात माह्या मीच हावो. जागा नाई दुसऱ्या कोनाले."

हाणामारी झाली असती, झाली नाही. उकंडराव एक पाऊल पुढं आले आणि त्यांच्या मागं सगळं भीमनगर एक पाऊल पुढं आलं, एवढंच. कोणीतरी हळदकुंकवाचं ताट भिरकावलं, ते तानाबाईच्या दाराला लागून वाजलं. मग गाडा फिरला. गाड्यापुढं कोणी चालायला तयार होईना, तेव्हा डफवाल्यालाच पुढं घातला आणि तो, बिचारा, बेतालच वाजवत शिवेकडं गेला.

देवीचा विषय त्या दिवसापासून संपला. आता ती चिनीन झाली. रस्त्यानं जाताना पोरं चिंग-चिंग करून डोळे बारीक करून दाखवायची. महादेवरावांच्या वावरात वेचणी बंद झाली, मग त्यांचं पाहून इतरांच्याही. ती मेहकरच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागली. उकंडराव म्हणाले, "वहिनी, आता तरी घरात करा. दार लावून."

"दार लावून चोर करते भाऊजी."

उलट तिनं बाभळीखालची जागाच सोडली. घरापुढं, फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून मोकळी जागा होती, तिथं ती सकाळी उभी राहिली. पहिल्या दिवशी काहीच नीट झालं नाही. संतापानं खांदे कानांपर्यंत चढलेले, श्वास गळ्यात, कोंबडा करायला गेली तर पाय टेकला. लिमबाबानं पुंजाजीच्या खांद्यावर हात ठेवून दाबलं होतं तसा तिनं स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. राग काही गेला नाही. का जावा? पण तो खांद्यावरून उतरला, पोटात आला, मांड्यांत आला, तळपायांत जाऊन बसला. तिथं तो जड होता आणि जड असणं ह्या कसरतीत बरं असतं. गुडघे हळूहळू परत आले. झोप परत आली. उकंडराव रोज सकाळी येऊन दगडावर बसायचे. "मी काही शिकायले नाई आलो. कोनी गोटा मारू नाई म्हनून बसलो," असं रोज सांगायचे, आणि बसल्या बसल्या नकळत त्यांचेही हात ढग सारायचे.

साथ ओसरली. आरोग्य खात्याची माणसं येऊन विहिरीत औषध टाकून गेली, विहीर उपसली गेली. तानाबाईचं म्हणणं खरं निघालं असं कोणीही म्हणालं नाही.

आणि एका सकाळी रस्त्यावर सत्यभामाबाई थांबली. एकटीच. काठी टेकत होती.

"ताने," ती म्हणाली. मग थोडी घोटाळली. "तानाबाई. देवी नाई न हे? नक्की?"

"नक्की."

"चिनी हाये?"

"हाव."

"गुडघ्याले फरक पडते?"

"मले पडला."

सत्यभामाबाई रस्ता सोडून आत आली. पाय किती जवळ ठेवायचे, टाच आधी की पंजा, हे तिला तानाबाईनं सांगितलं, राग न लपवता, तुटक तुटक. "श्वास पोटातून. पोट काय फक्त भाकरीसाठी हाये का? खांदे सोडा. सोडा म्हनलं न." सत्यभामाबाईला ते सगळं आवडलं नसावं, पण ती करत होती. थोड्या वेळानं तानाबाईनं एक पाय उचलायला सांगितला. तिनं काठी ठेवली, पाय उचलला आणि डुलली. तानाबाईनं चटकन हात पुढं केला.

सत्यभामाबाईनं आधी रस्त्याकडं पाहिलं. फाट्याच्या बाजूनं कोणी येतंय का ते.

तानाबाईनं हात मागं घेतला. सत्यभामाबाई धप्पकन धुळीत बसली.

"काऊन वं!" ती कळवळली. "हात काऊन काढला? पडू दिलं न मले!"

"तुमी रस्त्याकडं पाह्यलं."

दगडावर बसलेले उकंडराव खोकायला लागले. सत्यभामाबाईनं हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, गुडघा कण्हला, मग ती पालथी होऊन, म्हशीसारखी, टप्प्याटप्प्यानं उठली. लुगडं झटकलं. काठी घेतली. डोळ्यांत पाणी होतं, गुडघ्याचं की कशाचं ते तिलाच माहीत.

"एवढा राग बरा नाई बाई," ती म्हणाली.

"मले बरा हाये. पुन्हा उभ्या राह्यसान तं हात देईन. रस्त्याकडं पाह्यसान तं काढून घेईन. रोज."

सत्यभामाबाई जायला निघाली, चार पावलं गेली, थांबली. फाट्याकडून मोटार येत होती. खिडक्यांत माणसं होती, गावचीच. ती काठीवर रेलून उभी राहिली आणि मोटार निघून जाईपर्यंत तिथंच, ना इकडं ना तिकडं.

तानाबाई तिच्यासाठी थांबली नाही. तिनं टाच ठेवली, पंजा ठेवला, जमीन पाहिली, मग वजन टाकलं.